पहिल्या धारेचा इतिहास

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

गेल्या हिवाळ्यात पुण्याला जाणं झालं. माझ्या एका मित्राचा मुलगा तिथं संगणकाच्या कंपनीत नोकरीला आहे. रविवारी दुपारी तो म्हणाला, "काका, चला, आज तुम्हाला एक वेगळी जागा दाखवतो." त्यानं आपला कुत्रा मागच्या सीटवर बसवला, मला पुढे बसवलं आणि शहराबाहेरच्या एका मोठ्या आवारात नेलं. दारातच पाटी होती, कुत्र्यांचं स्वागत आहे. पाटीखाली पाण्यानं भरलेली चार-पाच कटोरी मांडलेली. आत काचेच्या भिंतीमागे स्टीलच्या उंच टाक्या चमकत होत्या. ही म्हणे क्राफ्ट ब्रुअरी. बिअर इथंच बनते, इथंच चाखायला मिळते. एका लाकडी फळीवर पाच छोटे पेले आले. एक गव्हाचा, एक कॉफीच्या रंगाचा, एक संत्र्याच्या वासाचा. टेबलाखाली कुत्रे निवांत पडले होते.

मी दारू घेत नाही. घरच्या संस्कारांनी घेत नाही आणि पुढे सवयीनंही घेतली नाही. यात आमच्या उर्दू कवितेची थोडी अडचण होते खरी, कारण तिथं दर दुसऱ्या शेरात पेला आणि साकी भेटतात. पण रियाज खैराबादींनी जन्मभर मद्यावर गझला लिहिल्या आणि थेंबही घेतला नाही, असं सांगतात. त्यांच्या आधारावर आमच्यासारख्यांचं चालतं. मी लिंबूसोडा मागवला आणि त्या मुलाला विचारलं, "क्राफ्ट म्हणजे नेमकं काय रे?"

तो म्हणाला, "कारखान्यातली नाही, काका. हातानं, थोडी थोडी, लक्ष देऊन केलेली."

मी म्हटलं, "म्हणजे हातभट्टी!"

टेबलावरची सगळी मुलं हसली. मीही हसलो. पण परतीच्या रेल्वेत तो शब्द डोक्यातून जाईना. दोन्हींचा अर्थ तर एकच, हाताची भट्टी. मग एका शब्दाला काचेची भिंत आणि दुसऱ्याला पोलिसांचा पंचनामा, असं का झालं? याचं उत्तर शोधायला मला पुण्यापेक्षा आमच्या झाडीपट्टीतच जास्त फिरावं लागलं. आणि ते मिळालं, निदान अर्धंमुर्धं, केशोरीला.

केशोरी हे गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातलं गाव. जिल्ह्याचं दक्षिण टोक, पलीकडे गडचिरोली. जवळच गाढवी नदीवरचं इटियाडोह धरण. गोठणगावला १९७२ पासून तिबेटी निर्वासितांची नोर्ग्येलिंग वसाहत आहे. धान, मिरची आणि जंगल, यांवर हा मुलूख जगतो. मार्च-एप्रिलमध्ये इथल्या रानाला एक वेगळाच गोड, जडसा वास येतो. तो मोहाचा.

एप्रिलच्या सुरुवातीला एका परिचितानं मला तिथल्या एका गोंड म्हाताऱ्याकडे नेलं. पहाटे चारला आम्ही निघालो. पुढे म्हातारबाबा, त्यांची सून, मग आम्ही दोघं, आणि सगळ्यांच्या पुढे त्यांचा तांबूस, कान फाटलेला कुत्रा. नाव वाघ्या. मोहाची फुलं रात्री उमलतात आणि पहाटे टपटप गळतात. ती दिवस वर येण्याआधी वेचावी लागतात, नाहीतर गुरं आणि हरणं खाऊन टाकतात. अस्वलाला तर मोह फार आवडतो. म्हणून कुत्रा हवाच. माणसं वाकून वेचत होती आणि वाघ्या आमच्याकडे पाठ करून, जंगलाकडे तोंड करून बसला होता. दोनदा गुरगुरला, तेव्हा सगळे हात थांबले. नवेगाव-नागझिऱ्याचा व्याघ्रप्रकल्प २०१३ साली झाला. या पट्ट्यात मोहफुलं वेचताना माणसांवर वाघ-अस्वलानं हल्ला केल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात. बिबट्या तर आधी कुत्र्यालाच उचलतो. पुण्याचा कुत्रा बिअरच्या जागी पाहुणा होता. हा कुत्रा त्या धंद्यातला पहिला कामगार होता.

आमच्या समाजात पुष्कळ लोक कुत्र्याला घरात घेत नाहीत. पण लहानपणी आजीनं सांगितलेल्या दोन गोष्टी मी विसरलो नाही. एक, गुहेत झोपलेल्या त्या ईमानदार तरुणांची. त्यांच्या दाराशी पाय पसरून बसलेल्या कुत्र्याचा उल्लेख कुराणात आहे. दुसरी, तहानेल्या कुत्र्याला चामड्याच्या मोज्यात विहिरीचं पाणी आणून पाजणाऱ्या माणसाची. तेवढ्या पुण्यावर त्याला माफी मिळाली, अशी हदीस आहे. पुण्याची ती पाण्याची कटोरी आणि केशोरीचा वाघ्या, दोन्ही पाहताना मला आजी आठवली.

घरी आल्यावर फुलं अंगणात वाळत घातली. म्हातारबाबांनी माळ्यावरून दोन जुनी मडकी आणि एक काळी पडलेली बांबूची नळी काढून दाखवली. आता भट्टी लावत नाहीत. काही वर्षांपूर्वी छापा पडला, मडकी फुटली, पुढे दंड आणि तारखा झाल्या. ही दोन मडकी तेवढी वाचली. त्यांनी हातवारे करून सगळी रीत सांगितली. वाळलेली फुलं चार-सहा दिवस पाण्यात आंबवायची. त्याला सडवा म्हणतात. सडवा मडक्यात घालून खाली मंद जाळ. मडक्याच्या तोंडावर दुसरं मडकं, सांधे मातीनं लिंपलेले. नळीतून वाफ बाहेर काढून तिसऱ्या भांड्यात न्यायची आणि त्यावर गार पाणी ओतत राहायचं. वाफेचा थेंब होतो, थेंबाची धार होते. पहिली धार सगळ्यांत कडक. आपण कडक चहाला आणि अस्सल माणसालासुद्धा 'पहिल्या धारेचा' म्हणतो, तो शब्द या मडक्यातून आला.

"मग कडक आहे की नाही हे चाखून पाहायचे का?" मी विचारलं.

"नाही जी. जाळावर थेंब टाकाचा. भडकला का समजाचं." आणि मग त्यांनी सांगितलं, पहिले थेंब माणसाचे नसतातच. ते जमिनीवर ओतायचे, पेनासाठी आणि पूर्वजांसाठी. जन्म, लग्न, मरण, पेरणीआधीची पूजा, त्याशिवाय भट्टी लागायचीच नाही.

म्हाताऱ्यांच्या आठवणीत थोडी साखर असते, हे मला ठाऊक आहे. पण त्यांच्या सांगण्याला जुन्या ग्रंथांचाही आधार सापडतो. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात दारूसाठी सुराध्यक्ष नावाचा खास अधिकारी आहे, दुकानांचे नियम आहेत, दंड आहेत. पण त्याच प्रकरणात एक सवलतही आहे. घरात काही कार्य असेल तर कुटुंबवाल्यांना साधी पांढरी सुरा घरी करू द्यावी, औषधासाठी अरिष्ट करू द्यावं आणि उत्सव-यात्रांना चार दिवस मोकळीक द्यावी. म्हणजे इतक्या कडक राज्यशास्त्रानंही विक्रीची दारू आणि कार्याची दारू यांत फरक केला होता. पुढे अकबराच्या काळात अबुल फजलनं 'आईने अकबरी'त मोहाची नोंद केली. झाड आंब्यासारखं, लाकूड घरबांधणीला उपयोगी आणि त्यापासून मादक पेय होतं, असं तो लिहितो. झाडाची, लाकडाची, पेयाची, तिन्हींची नोंद एकाच सुरात. त्यात गुन्ह्याचा वास नाही.

तो वास इंग्रजी राज्यात आला. इंग्रज सरकारनं दारूकडे पाहिलं ते मुख्यतः महसूल म्हणून. मध्य प्रांत १८६१ साली झाला. आजचा गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यात होता. तो वेगळा झाला तो १९९९ मध्ये. त्या काळात खेड्यातल्या भट्टीचा मक्ता लिलावात देण्याची पद्धत होती. आता विचार करा, ज्यानं लिलावात मोठी बोली लावली, त्याला ते पैसे वसूल करायचे. वसूल कसे होणार? जास्त गाळून, जास्त विकून, उधारीवर देऊन. जी गोष्ट लग्नाला आणि मरणाला लागत होती, ती अशी रोजच्या संध्याकाळची झाली. पुढे सरकारी देखरेखीखालच्या मोठ्या भट्ट्या आल्या, गॅलनावर कर आला आणि घरची चूल बेकायदा ठरली.

मुंबई इलाख्यात तर याच्याही पुढे मजल गेली. १८७८ च्या अबकारी कायद्यानं गावोगावच्या भट्ट्या बंद केल्या. दारू गाळायची ती ठरलेल्या ठिकाणी. उरण हे त्याचं मोठं केंद्र झालं. पण ठाणे-कुलाब्याच्या जंगलात मोहाची झाडं उभीच होती आणि लोक गाळतच होते. मग १८९२ साली सरकारनं मोहाच्या फुलांसाठीच कायदा केला. त्या दोन जिल्ह्यांत फूल बाळगणंच नियमाच्या कचाट्यात आलं. दारू नव्हे, फूल! आणि हे फूल नुसतं दारूचं नव्हतं. गरिबाच्या घरी ते भाजून खातात, पिठात मिसळून भाकरी करतात, गुरांना घालतात. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या मोठ्या दुष्काळांत मध्य प्रांतातल्या जंगलातल्या माणसांना ज्या रानमेव्यानं जगवलं, त्यात मोह पुढे होता. दारू रोखायला निघालेला कायदा गरिबाच्या ताटापर्यंत पोचला.

याचा अर्थ आदिवासींना दारू हवीच होती, असाही नाही. १९२२ साली पालघरच्या किनाऱ्यावर सुरू झालेली देवीची चळवळ दक्षिण गुजरातपर्यंत गेली. अंगात आलेल्या देवीच्या तोंडून आज्ञा झाली, दारू-ताडी सोडा. हजारो आदिवासींनी सोडली आणि दारूचे दुकानदार हवालदिल झाले. १९५१ मध्ये सरगुजात, म्हणजे आताच्या छत्तीसगडमध्ये, राजमोहिनी देवी नावाच्या गोंड बाईनं दारूमुक्तीची मोठी चळवळ उभी केली. १९८९ साली त्यांना पद्मश्री मिळाली. जेव्हा लोकांनी स्वतः ठरवलं, तेव्हा लोकांनी सोडली. जेव्हा फक्त कायद्यानं सांगितलं, तेव्हा भट्टी अंगणातून उठून नाल्याच्या काठी गेली.

स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला. त्यामागचा हेतू गांधीजींच्या विचारांचा होता, त्याची थट्टा करण्याचं कारण नाही. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात आला आणि हा कायदा इकडेही लागू झाला. मोहफूल त्याही कायद्यात नियंत्रणाखाली राहिलं. पुढे बंदी सैल झाली, १९७३ साली देशी दारूचे नियम आले. उसाच्या मळीपासून काढलेली दारू परवान्यानं, बाटलीत, दुकानात मिळू लागली. रानातल्या फुलाची मात्र गुन्ह्यातच राहिली. फुलांची साठवण आणि वाहतूक यांवरचे निर्बंध महाराष्ट्रात उठले ते थेट २०२१ मध्ये. आज फूल विकता येतं. गाळणं अजूनही परवान्याशिवाय गुन्हा आहे आणि परवाना घेणं केशोरीच्या म्हाताऱ्याच्या आवाक्यातलं नाही.

याच काळात दुसरीकडे काय झालं पाहा. गोव्याच्या काजू फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालं आणि २०१६ मध्ये गोवा सरकारनं तिला वारसा पेयाचा दर्जा दिला. त्याच २००९ साली पुण्यात डुलाली ही तिथली पहिली छोटी ब्रुअरी सुरू झाली आणि मग शहराशहरांत तसल्या जागा निघाल्या. २०१८ मध्ये गोव्यातल्या एका कंपनीनं मोहाची दारू बाटलीत भरून शहरी गिऱ्हाइकापुढे ठेवली. मध्य प्रदेशानं २०२२ मध्ये मोहाच्या दारूला वारसा मद्य म्हणून धोरण केलं आणि गाळण्याचं काम आदिवासी बचत गटांकडे दिलं. छत्तीसगडच्या कायद्यात आदिवासींना घरगुती वापरापुरती थोडी गाळण्याची सूट आहे. आमच्या गोंदियाची सीमा या दोन्ही राज्यांना लागून आहे. एकाच जातीचं झाड, एकच फूल. अलीकडे वारसा आणि पलीकडे गुन्हा, हे फक्त नकाशावरच्या रेघेनं ठरतं.

हे सगळं मी अंगणात बसून उत्साहानं सांगत होतो. पुण्याच्या त्या जागेचंही वर्णन केलं. म्हातारबाबा ऐकत होते. फुलं पसरत असलेली सून मात्र मध्येच थांबली.

"भाऊ, तुमी लिहिता ते ठीक आहे," ती म्हणाली. "पन माह्या मायेरी दोन मानसं गेले या दारूनं. एक बाप, एक भाऊ. फुलाचा दोष नाही जी. पन घराची चूल बंद पडते, ते कोन लिहीन?"

मी गप्प झालो. तिचं म्हणणं नाकारता येण्यासारखं नाही. केशोरीच्या पलीकडच्या गडचिरोलीत १९९३ साली जिल्हाभर दारूबंदी आली, ती वरून लादलेली नव्हती. गावोगावच्या लोकांनी, त्यात बायकांनी, वर्षानुवर्षं लढून ती मिळवली. चंद्रपुरात २०१५ मध्ये बंदी झाली, २०२१ मध्ये उठली. 'उभी बाटली की आडवी बाटली' या मतदानात आमच्या राज्यातल्या बायकांनी किती गावांतली दुकानं बंद पाडली, ते आपण वर्तमानपत्रांत वाचलं आहे. आणि हातभट्टी या शब्दाची धास्तीही उगाच नाही. २०१५ साली मुंबईच्या मालवणीत विषारी दारूनं शंभरहून अधिक माणसं मेली. तिथं मोहाचं फूल नव्हतं, मिथेनॉल होतं. पण मरणारे गरीबच होते आणि बदनाम झाला तो हातभट्टी हाच शब्द.

मला वाटतं, त्या सुनेचं आणि तिच्या सासऱ्याचं म्हणणं एकमेकांच्या विरुद्ध नाही. सासरा कार्याची दारू आठवतो आहे. सून रोजच्या दारूनं पोळली आहे. या दोन्हींच्या मध्ये दीडशे वर्षांचा इतिहास पसरलेला आहे, लिलावाचा, मक्त्याचा, परवान्याचा. ज्या दारूला ऋतू होता, कारण होतं, पहिले थेंब मातीला देण्याची लाज होती, तिच्यातून ऋतू गेला, कारण गेलं, लाज गेली आणि नुसती नशा उरली. ती उरवली कुणी, हे विचारल्याशिवाय फक्त म्हाताऱ्याची मडकी फोडून काय मिळतं?

आमच्या धर्मातही दारू एका दिवसात मना झाली नाही. आधी सांगितलं गेलं, तिच्यात काही फायदा आहे पण पाप त्याहून मोठं आहे. मग, नशेत नमाजला उभं राहू नका. आणि मग मनाई. माणसाला समजावत, त्याला बरोबर घेत जाण्याची ती रीत होती. मी स्वतः दारू घेत नाही आणि कुणी घ्यावी असं म्हणतही नाही. म्हणणं एवढंच, की सोडायची तर सर्वांनी सारखी सोडावी आणि मान द्यायचा तर सर्वांच्या हातांना सारखा द्यावा. शहरातल्या हाताला कला आणि रानातल्या हाताला कलम, हा न्याय नव्हे. उद्या आपल्या राज्यानं मोहाला वारसा म्हटलंच, तर त्याचा पैसा आणि त्याचे नियम, दोन्ही फुलं वेचणाऱ्यांच्या ग्रामसभेच्या हाती असावेत. आणि त्या ग्रामसभेत सुनेचा आवाज सासऱ्याइतकाच मोजला जावा. तिनं नको म्हटलं तर नको.

निघताना तिनं भाजलेली मोहफुलं पळसाच्या पानावर आणून दिली. गोड, मनुकेसारखी, मागाहून किंचित उग्र. एवढं चाखणं मला चालण्यासारखं होतं. वाघ्याला तिनं भाकरीचा तुकडा टाकला. पहाटेपासून जागा असलेला तो आता मडक्यांच्या सावलीत झोपायच्या बेतात होता.

म्हातारबाबा वेशीपर्यंत सोडायला आले. बराच वेळ त्यांच्या मनात काहीतरी घोळत असावं. शेवटी म्हणाले, "भाऊ, पुण्यात त्या जागी कुत्र्यालेबी आत घेतेत म्हनता?"

"हो, घेतात. पाणीसुद्धा ठेवतात."

"मंग आमाले घेतीन का जी?"

मी हसलो, तेही हसले. पण खरं सांगतो, उत्तर मला देता आलं नाही. म्हणून तो प्रश्न तसाच तुमच्यापुढे ठेवतो आहे.